थेलिसची दाढी

यंदा मोह लवकर गळायला लागला. बारावीचा तिसरा की चौथा पेपर होता. अर्जुनी मोरगावच्या आमच्या शाळेत मी सुपरव्हिजनला उभा होतो आणि खिडकीतून तो वास आत आला. ज्याने तो कधी घेतला नाही त्याला कसा सांगावा? पिकून मऊ पडलेल्या फळासारखा गोड, आणि त्या गोडाच्या तळाशी थोडा आंबूस. वर्गातल्या पंचवीस मुलांपैकी चार-पाच जणांनी मान वर केली. ती कुठली मुलं आहेत ते मला लगेच कळलं. पहाटे आईसोबत मोहाखाली फुलं वेचून, घाईने अंघोळ करून, एसटीने पेपरला आलेली. बाकीची मुलं लिहीत राहिली.

सुपरव्हिजनमध्ये काही करायचं नसतं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, बसायचंही नाही. तीन तासांत मन जिकडे जायचं तिकडे जातं. माझं दर मार्चमध्ये एकाच खोलीत जातं. गोंदियाच्या कॉलेजात, मागच्या व्हरांड्याच्या टोकाला, जिन्याखालची खोली. दारावर पाटी होती : तत्त्वज्ञान विभाग. यंदा तिकडे जायला कारणही होतं. आदल्याच आठवड्यात मेंढे सरांचा नागपूरहून फोन आला होता. सर निवृत्त होऊन मुलीकडे राहतात. आवाज फार बारीक झालाय.

“ती खोली रिकामी करताहेत रे,” सर म्हणाले. “विभाग तर कधीच बंद झाला. आता सामानही काढताहेत. तुझा थेलिस अजून भिंतीवर आहे असं कळलं. जाऊन बघ.”

माझा थेलिस म्हणजे माझे बाबा. त्यांचा म्हणावा असा एकच चेहरा या जगात शिल्लक आहे, आणि तो त्या भिंतीवर दुसऱ्याच्या नावाने टांगलेला होता.

दोन हजार दोन सालची गोष्ट. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि माझ्या वर्गात मी एकटा होतो. पहिल्या वर्षी आम्ही तिघं होतो. एकाचा डीएडला नंबर लागला, एकीचं लग्न झालं. राहिलो मी. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे तत्त्वज्ञान घेऊन पुढे काय होतं हे सांगणारंही कोणी नव्हतं. गोंदियात भेटेल तो विचारायचा, “फिलॉसफी? क्या करेगा उसका?” खरं कारण इतकंच होतं की अ‍ॅडमिशनच्या दिवशी मेंढे सर त्या जिन्याखाली खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी मला “बसा” म्हटलं होतं. तोवर कॉलेजात मला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

सर रोज हजेरी घेत.

“रोल नंबर एक.”

“हजर, सर.”

सर वहीत खूण करत, वही मिटत आणि क्षणभर थांबत, गोंगाट शमायची वाट बघावी तसे. मग शिकवायला लागत. उभं राहून, फळ्यावर लिहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा माझी सायकल पंक्चर झाली आणि मला पंधरा मिनिटं उशीर झाला. दाराशी पोचलो तर सर रिकाम्या सहा बाकांना शिकवत होते. मला बघून म्हणाले, “बस. फार पुढे नाही गेलो.”

मी फुलचूरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. मागे राइस मिल होती. दिवसभर तिची घरघर आणि कोंड्याचा वास. कोंडा उडून वह्यांवर बसायचा, सकाळी उशीवर बोट फिरवलं तर रेघ उमटायची. आजूबाजूला सगळं हिंदी. कॉलेजातली मराठी मुलं शहरातली, त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी. मी एकदा “येऊन राहिलो” म्हणालो तर दोघं-तिघं हसले, आणि पुढे महिनाभर मला बघितलं की “येऊन राहिला बे” म्हणायचे. तेव्हापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात धुऊन घ्यायला शिकलो. त्यात इतका वेळ जायचा की बहुतेक वेळा बोलणंच राहून जायचं. आठवडेच्या आठवडे सरांच्या “रोल नंबर एक”ला उत्तर देण्यापलीकडे माझा आवाज मलाच ऐकू येत नसे.

फेब्रुवारी संपता संपता विद्यापीठाची समिती येणार अशी बातमी आली. प्रत्येक विभागाने भिंती सजवायच्या असा निरोप फिरला. विज्ञानवाल्यांना बाजारात छापील तक्ते मिळाले. तत्त्वज्ञानाचं काहीच मिळेना. सरांकडे एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, पानं पिवळी पडलेली. त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी काही चित्रं. सरांनी बाबूलाल पेंटरला बोलावलं. बाबूलाल राइस मिलचे बोर्ड आणि ट्रकच्या नंबर प्लेटा रंगवायचा, जयंतीच्या आधी विहारांसाठी मोठी चित्रंही करायचा. त्याने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

“सर, इसमें तो खाली दाढ़ी है. आदमी किधर है?”

सॉक्रेटिस त्याला जमला, कारण त्याचं बसकं नाक छपाईतही दिसत होतं. कणादाचं चित्रच नव्हतं. शेतात पडलेले दाणे वेचून खायचा आणि अणूचा विचार करायचा एवढंच सरांनी त्याला सांगितलं. बाबूलालने कॅलेंडरवरच्या कुठल्याशा साधूवरून तो काढला. मला मात्र ते ऐकून आई आठवली. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांध्यांमधून, धानाच्या खाचरांमधून, वाकून सरवा, मागे पडलेल्या लोंब्या, वेचणारी. तिने कसला विचार केला असेल ते मी कधी विचारलं नव्हतं.

अडलं ते थेलिसपाशी. ग्रीसमधला पहिला तत्त्वज्ञ. त्यालाच वगळून कसं चालेल? पुस्तकात त्याच्या जागी नुसता काळा डाग होता. सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “बाबूलाल, या माणसाला कोणीच बघितलेलं नाही. त्याचे जे पुतळे आहेत ते तो गेल्यावर शेकडो वर्षांनी घडवले. ज्याने घडवला असेल त्याने काय केलं असेल? आपल्याच गल्लीतला एखादा म्हातारा समोर बसवला असेल. तूही बसव.”

त्याच दिवशी बाबा आले होते. दुपारच्या पॅसेंजरने, तांदळाची पिशवी आणि लाखोरीची डाळ घेऊन. गोंदियाला यायचं म्हणून सकाळी दाढी करून आले होते, हनुवटीवर वस्तऱ्याची छोटी खूण होती. व्हरांड्यात पिशवीवर हात ठेवून, चपला काढून बसले होते. बाबूलालने त्यांना बघितलं आणि सरांकडे वळून म्हणाला, “ये चलेगा.”

विभागाच्या टेबलावरचा पांढरा कपडा त्यांच्या खांद्यावरून गुंडाळला.

“मले न्हाव्याकडं बसवून राहिले का गा?” बाबा म्हणाले.

“हिलना नहीं, चाचा.”

दोन तास बाबा हलले नाहीत. हलू नका म्हटलं की न हलणं त्यांना जमायचं. तो त्यांच्या कामाचाच भाग होता. बाबूलालचा कुंचला भुवईपाशी फार वेळ थांबला. बाबांचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक होता. पाण्यावरचं ऊन बघून बघून तसा झाला होता असं आई म्हणायची. बाबूलालने तो तसाच उतरवला. कपाळ, नाक, गालाचं हाड, सगळं बाबांचं. मी मागे उभा राहून बघत होतो. मग बाबूलालने पांढरा रंग घेतला आणि पाच मिनिटांत छातीपर्यंत दाढी काढली.

“कायले गा?” बाबांनी विचारलं. “म्या आजच केली.”

“फिलॉसफर है ना, चाचा. बिना दाढ़ी के कौन मानेगा?”

बाबांनी चित्र नीट बघितलं. “विहारातल्या बुद्धालेबी कोनी पाह्यलं होतं? पन हात आपसूक जुडतेत,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “माहं नाव नको टाकजो म्हनाव.”

खाली नाव पडलं : थेलिस.

परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी लागली आणि मी गावी गेलो. तो हंगाम माझ्या अंगात अजून आहे. मोहाखालची जमीन झाडून लख्ख केलेली, तिच्यावर पिवळट फुलांचा सडा. आईची टोपली. अंगणात वाळत घातलेली फुलं दिवसागणिक तपकिरी होत जायची. पळसाची फुलं गळून पडायची ती ओल्या मातीत चिकटून राहायची. आणि तळ्याखालच्या बांध्यांमध्ये उन्हाळी धानाचा हिरवा रंग, जो बघून डोळ्यांना थंड वाटायचं.

बाबांचं काम पाण्याचं होतं. गावाच्या तळ्यातलं पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ सोडायचं ते बाबा बघायचे. घड्याळ त्यांनी कधी बांधलं नाही. तळ्याच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, त्यांनी एक काडी रोवलेली होती आणि तिच्याभोवती गोटे मांडलेले होते. काडीची सावली या गोट्यावरून त्या गोट्यावर गेली की एकाचं पाणी बंद, दुसऱ्याचं सुरू. दर थोड्या दिवसांनी गोटे बोटभर सरकवावे लागत. ते केव्हा आणि किती, हे त्यांनाच ठाऊक. भांडण झालं तर लोक काडीपाशी येऊन उभे राहत आणि भांडण तिथंच संपे. सावलीला जात नव्हती, कोणी सोयरा नव्हता.

मी त्यांना थेलिसची गोष्ट सांगितली. हा माणूस इजिप्तला गेला, तिथल्या पिरॅमिडची उंची कोणाला मोजता येईना. याने काय केलं, उन्हात उभा राहिला आणि वाट बघत बसला. स्वतःची सावली स्वतःएवढी झाली तेव्हा म्हणाला, आता पिरॅमिडची सावली मोजा.

बाबा ऐकत होते. “मंग त्यात काय,” ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाळीवर बोलावलं. साडेनवाच्या सुमारास ते उन्हात उभे राहिले. मी त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून त्यांच्या सावलीच्या टोकापर्यंत त्यांच्याच उंचीची काठी टाकून मोजत होतो. सावली त्यांच्याएवढी झाली तसे आम्ही धावत मोठ्या मोहाकडे गेलो आणि हाताने त्याची सावली मोजली. बाबा वाकून कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत होते, मी मोजत होतो. आई टोपली कमरेवर घेऊन उभी होती.

“बत्तीस हात,” मी म्हणालो.

“उंच हाये हे तं मले दिसतच होतं,” बाबा म्हणाले.

आई हसली. “बाप-लेक दोघंबी पागल झाले.”

मी त्यांना आणखी सांगितलं, की थेलिस म्हणायचा सगळं पाण्यापासून झालं. हे त्यांना पटलं, मान हलवली. आणि तारे बघत चालताना तो खड्ड्यात पडला होता असंही सांगतात, म्हटलं. ते मात्र पटलं नाही. “पाळीवरून चालताना कोनी वर पाह्यते का?” मग तळ्याकडे बघत म्हणाले, “त्यानं ते सावली मोजली, तवा त्याच्यासंग कोनी होतं का, का एकटाच होता?”

मला ते ठाऊक नव्हतं. पुस्तकात नव्हतं. बाबा कोणाबद्दल विचारत होते ते मला फार उशिरा सुचलं. वर्गात मी एकटाच असतो हे मी त्यांना एकदाच बोलून गेलो होतो.

आता जे सांगायचं आहे ते मी यंदापर्यंत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली. माझी पेटी आणि वळकटी न्यायला बाबा गोंदियाला आले. निघण्याआधी म्हणाले, “तो फोटू टांगला म्हनतेस, पाहून घेऊ.” समिती येऊन गेली होती, चित्रं भिंतीवर तशीच होती. आम्ही गेलो तेव्हा सर नव्हते. खोलीत कॉलेजचे मोठे बाबू होते, कटरे बाबू, आणि त्यांच्यासोबत दोन मुलं टेबलं मोजत होती. त्यातलं एक मला “येऊन राहिला बे” म्हणणारं होतं.

बाबा चित्रासमोर उभे राहिले. उन्हातून आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्यावर पेटी. पेटी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

“हे कोण?” कटरे बाबूंनी मला विचारलं.

वाक्य मनात धुऊन घ्यायची मला सवय होती. मी म्हणालो, “गावाकडचे आहेत.”

कटरे बाबू एकदा चित्राकडे, एकदा बाबांकडे बघायला लागले. “काहीतरी सारखं वाटते बा. नाक.”

“नाही,” मी म्हणालो. “ते ग्रीसमधले आहेत. सव्वीसशे वर्षांपूर्वीचे.”

ती दोन मुलं हसली. कशाला हसली तेही मला ठाऊक नाही. बाबा वळले आणि दाराबाहेर गेले, चौकटीला पेटी लागू नये म्हणून वाकून.

पॅसेंजरमध्ये आम्ही समोरासमोर बसलो होतो. बाहेर जंगल लागलं, मोहाचा वास खिडकीतून येत-जात राहिला. मग बाबा म्हणाले, “बरोबर सांगतलंस तू. तो म्या नोहोय. मले कुटं दाढी हाये?” आणि हनुवटीवरून हात फिरवून हसले. मला सोडवायला ते हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. स्टेशनं येत गेली आणि आमचं स्टेशन आलं.

मी पास झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाबांनी गावात पेढे वाटले, काडीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला. त्यानंतर चार वर्षांनी, मी बीएड करून नोकरीला लागलो त्याच वर्षी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांना ताप आला आणि आठवड्यात ते गेले. चित्राचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

विहारातल्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता. मतदान कार्डावरचा एकच होता, करड्या धुरासारखा. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत तो मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने मला न विचारता कॉम्प्युटरवर त्याला काळा कोट आणि लाल टाय घातला. सगळ्यांनाच घालतात, म्हणाला. चेहरा कोणाचाही असू शकेल असा होता, म्हणून कोटावरून तरी कोणीतरी मोठा माणूस गेला असं वाटत होतं. आईने मेणबत्ती लावली. फोटोकडे बघून म्हणाली, “हे कोन साहेब आनला?” तो फोटो अजून भिंतीवर आहे. ती त्याची धूळ पुसते, पण त्याच्याशी बोलत नाही. बाबांशी बोलायचं असलं की ती तळ्याकडे जाते. काडी केव्हाच मोडली. पाण्याच्या पाळ्या आता मोबाईलवर ठरतात.

दोघांनी त्यांना रंगवलं. एकाने दाढी दिली, एकाने कोट. त्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. पण दाढीच्या वर ते होते, हे मला माहीत होतं. तरी इतकी वर्षं मी तिकडे गेलो नाही. अर्जुनीहून गोंदिया काही लांब नाही. दर मार्चमध्ये ठरवायचो, पेपर संपले की जाऊ. त्या भिंतीसमोर उभं राहायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

बारावीच्या त्या पेपरनंतर आलेल्या सोमवारी गेलो, रजा टाकून. जिन्याखालची खोली अर्धी रिकामी होती. कणादाला वाळवीने अर्धा खाल्ला होता, सॉक्रेटिसची काच फुटली होती. थेलिस भिंतीवरून काढून बाकावर टेकवून ठेवलेला, खालच्या कोपऱ्याला ओल लागलेली. डावा डोळा तसाच बारीक. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की मी आता बाबांच्या त्या वेळच्या वयाच्या जवळ येऊन राहिलोय.

टेबलाशी कटरे बाबू होते. निवृत्तीला थोडे महिने उरलेले, चष्मा जाड झालेला. समोर डेडस्टॉक रजिस्टर.

“हे चित्र मला हवं होतं,” मी म्हणालो.

“कोणाचं?”

“ते. दाढीवालं.”

त्यांनी रजिस्टरात बोट फिरवलं. “थेलिस यांचे चित्र, फ्रेमसह, नग एक. हे कॉलेजचं आहे, सर. असं कोणाला देता येत नाही.”

या वेळी वाक्य धुतलं नाही. “ते थेलिस नाहीत. माझे बाबा आहेत.”

कटरे बाबूंनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. “मी तवाच म्हणलो होतो,” ते म्हणाले. “नाक सारखं आहे म्हणून. तुम्हीच नाही म्हणाले.”

“हो. मीच नाही म्हणालो.”

“ते पेटी घेऊन उभे होते.”

“हो.”

त्यांना आठवत होतं. इतक्या वर्षांत मला वाटत होतं की ते फक्त मला आठवतं. कटरे बाबूंनी रजिस्टर पुन्हा पुढे ओढलं. “पण आता माझी पंचाईत झाली,” ते म्हणाले. “थेलिसचं असलं तर कॉलेजचं, तुम्हाला देता येत नाही. तुमच्या वडिलांचं असलं तर ते माझ्या रजिस्टरात नाही. आणि जे रजिस्टरात नाही ते माझ्याकडं नाहीच, तर देऊ कुठून?”

मेंढे सर असते तर खूश झाले असते. तीन वर्षं त्यांनी मला असेच पेच शिकवले होते.

“मग काय करायचं?”

“अर्ज करा. त्यावर शेरा मारतो, निरुपयोगी म्हणून काढून टाकतो. साहेबांची सही मी घेतो.” त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला.

मी त्या सहा बाकांपैकी पहिल्यावर बसलो, जिथं तीन वर्षं बसायचो. विषय लिहिला, चित्र परत मिळणेबाबत. कटरे बाबू मागून वाचत होते. “‘परत’ नका लिहू. परत म्हटलं की पहिले तुमचं होतं असं होते, चौकशी लागते.” मी ‘परत’ खोडलं. पुढे लिहिलं : सदर चित्र हे थेलिस यांचे नसून माझ्या वडिलांचे आहे. त्यांचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं. सही केली. एवढंच होतं. तीन ओळींना मला अर्धा तास लागला. कटरे बाबूंनी घाई केली नाही. मध्ये उठून स्वतःच पाणी आणून ठेवलं.

फ्रेम चादरीत गुंडाळून दुपारच्या पॅसेंजरने निघालो. खिडकीशी समोरच्या बाकावर ती उभी टेकवून ठेवली. डब्यात गर्दी नव्हती. कोणी जागा मागितली नाही. मोहाचा वास येत-जात राहिला. मला वाटलं होतं की या प्रवासात मी त्यांच्याशी काहीतरी बोलेन. नाही जमलं. समोर एक पांढरी चादर होती, बस.

गावी पोचलो तेव्हा आई अंगणात मोहाची फुलं गोळा करत होती. तिला या चित्राबद्दल माहीत होतं, बाबांनीच हसत सांगितलं होतं, पण तिने ते कधी बघितलेलं नव्हतं. मी खाट टाकली, त्यावर फ्रेम ठेवली आणि चादर काढली.

आईने हात पुसले. जवळ आली, वाकली. बराच वेळ बघत राहिली. मला भीती वाटली की ती आता म्हणेल, हे कोन साहेब आनला.

“गोंदियात काय झालं होतं, म्या तुले सांगतलं नाही, आई,” मी म्हणालो. “हे बाबा नोहोत असं म्या म्हटलं होतं. त्यायच्या समोर.”

“मालूम हाये,” आई म्हणाली. “त्यायनं सांगतलं होतं. पोरगा लाजून राहिला म्हने, म्या त्याले उगाच त्या खोलीत नेलं.” ती चित्रावरची नजर काढत नव्हती. “चार दिस चूप होते.”

मग तिने पदराचं टोक ओलं केलं आणि दाढीवरून हलकेच फिरवलं. रंग पक्का होता, निघाला नाही. तिने पुन्हा एकदा फिरवून बघितलं. मग पदर सोडला आणि आपला उजवा पंजा, मोहाच्या चिकाने काळपट झालेला, त्या पांढऱ्या दाढीवर पालथा ठेवला. दाढी झाकली गेली. वर कपाळ राहिलं, नाक राहिलं, आणि तो बारीक डावा डोळा, पाण्यावरचं ऊन बघत असलेला.

“आता पाह्य,” आई म्हणाली.

मी पाहिलं. आईने हात काढला नाही. अंगणात ऊन कलत गेलं, तिची सावली खाटेवरून पलीकडे भिंतीपर्यंत गेली, तरी ती तशीच वाकून उभी होती.